केसपेपर आणि पेपर

जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं मेडिकल कॉलेजातल्या अध्यापकांच्या पात्रतेचे नवे नियम काढले. सरकारी रुग्णालयात दहा वर्षं काम केलेल्या तज्ज्ञ डॉक्टरला आता सहयोगी प्राध्यापक होता येतं. २२० खाटांच्या सरकारी रुग्णालयात दोन वर्षं काढलेला एमडी-एमएस डॉक्टर सिनियर रेसिडेन्सी (पदव्युत्तर पदवीनंतरची मेडिकल कॉलेजातली उमेदवारी) न करताही सहायक प्राध्यापक होऊ शकतो, फक्त संशोधनपद्धतीचा एक ऑनलाइन कोर्स त्यानं पुढच्या दोन वर्षांत उरकायचा. तेव्हापासून डॉक्टर मंडळींत दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, बरं झालं, कॉलेजात पेशंट बघणारी माणसं हवीत, शोधनिबंधांचे पेपर पाडणारी नकोत. दुसरा म्हणतो, ज्यानं कधी वर्ग घेतला नाही की एक शोधनिबंध लिहिला नाही, त्याला प्राध्यापकाची खुर्ची द्यायची तर जिल्हा रुग्णालय आणि मेडिकल कॉलेज यांत फरक राहिला कुठे?

हा वाद मला दोन्ही बाजूंनी एकाच ठिकाणी चुकलेला वाटतो. संशोधन म्हणजे पेपर, हे दोघांनीही गृहीत धरलंय. एकाला तो थोतांड वाटतो, दुसऱ्याला गुणवत्तेचा दाखला. माझं म्हणणं असं की, बढतीसाठी पेपर मोजणं उद्यापासून बंद करावं. त्याच आदेशात प्रत्येक मेडिकल कॉलेजला आपल्या पेशंटचं पुढे काय झालं हे दरवर्षी सांगायला लावावं, आणि ज्यांना खरोखर प्रश्न पडतात अशा मोजक्या डॉक्टरांना त्यासाठी आठवड्यातले ठरलेले वार मोकळे करून द्यावेत. यातलं पहिलं वाक्य बोललं की एक तट टाळ्या वाजवतो, दुसरं बोललं की दुसरा. दोन्ही एका दमात बोललो की सगळेच चहा मागवतात.

मी डॉक्टर नाही. एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक विभागात संख्याशास्त्रज्ञ म्हणून बारा वर्षं काढली. (पाटीवर जनऔषधवैद्यकशास्त्र लिहिलेलं असतं, पण तसं कुणी म्हणत नाही.) थिसिस जमा करायची तारीख जवळ आली की माझ्या टेबलापुढे रेसिडेंट डॉक्टरांची रांग लागायची. 'सर, जरा पी व्हॅल्यू काढून द्या ना.' (हाती आलेला फरक नुसत्या योगायोगानंही दिसला असता का, हे जोखायचा तो आकडा; ०.०५ च्या खाली आला की सगळे खूश.) एकदा मेडिसिनची एक मुलगी छत्तीस तासांची ड्युटी संपवून थेट माझ्याकडे आली, गळ्यात स्टेथो तसाच. पेन ड्राइव्हवर मास्टर चार्ट होता, दोनशे पेशंटच्या नोंदींचा तक्ता. मी सवयीनं रक्तदाबाचा रकाना वरून खाली वाचत गेलो. १२०/८०. १३०/८०. १४०/९०. १३०/८०. दोनशे ओळींत शून्याशिवाय दुसऱ्या अंकावर संपणारा एक आकडा नव्हता. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोन मिलिमीटरच्या रेघा असतात. खरोखर मोजलं की १३४ येतं, ११८ येतं, १४६ येतं. मी विचारलं, 'हे तुम्ही मोजलंय?' ती म्हणाली, 'सर, केसपेपरवर असंच लिहिलेलं असतं.' मग थोडं थांबून, 'आणि ज्यांच्यावर काहीच लिहिलं नव्हतं, तिथे मी नॉर्मल धरलं.'

मी तिला पी व्हॅल्यू काढून दिली. ०.०३ आली. थिसिस मंजूर झाला, पुढे त्याचा पेपरही झाला असेल.

या प्रसंगावर पेपरविरोधी तट म्हणेल, बघा, आम्ही हेच तर सांगतोय, सक्ती केली की खोटे आकडे तयार होतात. पण तो आकडा तिनं थिसिससाठी तयार केला नव्हता. तो आधीच केसपेपरवर होता. त्याच १३०/८० वर कुणाची तरी गोळी वाढवली गेली होती, कुणाची बंद झाली होती, कुणाला 'सगळं ठीक आहे' म्हणून घरी पाठवलं होतं. पेपर बिघडण्याच्या कितीतरी आधी केसपेपर पोकळ झालेला असतो, आणि पेशंटचे उपचार चालतात ते या दुसऱ्या कागदावर. मग 'आम्ही पेपर लिहीत नाही, पेशंट बघतो' या वाक्यातला दुसरा अर्धा भाग कशाच्या जोरावर म्हणायचा?

तरीही या तटाचं म्हणणं नीट ऐकायला हवं, कारण त्यातलं पुष्कळसं खरं आहे. २०१५ साली तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेनं परिपत्रक काढलं की बढतीसाठी मूळ संशोधनाचे पेपर लागतील आणि लेखकांतली पहिली दोनच नावं मोजली जातील. झालं. विभागाविभागांत पहिल्या दोन नावांवरून भाऊबंदकी सुरू झाली. ज्यानं काम केलं तो रेसिडेंट तिसरा, आणि ज्यांनी शीर्षकसुद्धा छापून आल्यावर वाचलं ते सर पहिले. २०२० मध्ये नियम बदलून पहिले तीन लेखक आणि पत्रव्यवहार करणारा लेखक धरायचं ठरलं, म्हणजे जेवायला आणखी दोन पानं वाढली. पैसे भरा, पंधरा दिवसांत छापून घ्या, अशा नियतकालिकांचं उखळ याच काळात पांढरं झालं. माझ्या स्वतःच्या इनबॉक्समध्ये रोज सकाळी दोन-तीन निमंत्रणं असत. त्यातलं एक पशुवैद्यकाच्या नियतकालिकाचं होतं आणि मला 'आदरणीय शल्यचिकित्सक' म्हणून संबोधलेलं होतं.

दुसरा मुद्दा वेळेचा. सरकारी कॉलेजातल्या लेक्चररचा दिवस ज्यानं जवळून पाहिलाय तो त्याला संशोधन कर म्हणताना अडखळेल. सकाळी ओपीडी, एका पेशंटला दोन-तीन मिनिटं, दुपारी वॉर्डचा राउंड, मग विद्यार्थ्यांची क्लिनिक, मध्येच कोर्टाचं समन्स, आठवड्यातून एकदा इमर्जन्सी. आयोगाचं इन्स्पेक्शन आलं की रातोरात दुसऱ्या जिल्ह्यात बदलीवर, कारण तिथल्या कॉलेजात माणसं कमी पडतात. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं, ९०० जागा वाढल्या. गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा अशा ठिकाणी कॉलेज निघालं याचा मला मनापासून आनंद आहे. पण तिथे शिकवणार कोण, याचं उत्तर आभाळातून पडत नाही. जिल्हा रुग्णालयातल्या तज्ज्ञांना दार उघडण्याचा नियम याच नडीतून आलाय, आणि मी त्याला विरोध करणार नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात बळकट. या तटातली माणसं हमखास एक नाव काढतात: महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात विंचू चावून माणसं मरत होती. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम सुरू केलेल्या या डॉक्टरनं त्यावरचा उपाय शोधला. विंचवाच्या विषानं हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरलेल्यांपैकी शंभरातले पंचवीस-तीस दगावत. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची स्वस्त गोळी वेळेवर दिली की हे प्रमाण एकाच्याही खाली येतं, हे त्यांनी दाखवलं. १९८२ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्यामागचं काम केलं तेव्हा ना मेडिकल कॉलेज पाठीशी होतं, ना प्रयोगशाळा, ना अनुदान. मग कशाला हवं कॉलेजात संशोधन? ज्याला करायचं तो आरोग्य केंद्रातही करतो!

पण हे उदाहरण ज्या बाजूनं दिलं जातं त्या बाजूला ते उभं राहत नाही. विंचू चावलेले पेशंट त्या काळात कोकणातल्या सगळ्याच डॉक्टरांनी पाहिले. बावस्करांनी वेगळं काय केलं? रात्र रात्र खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, छातीतले आवाज, घाम, हातापायांचा गारठा हे सगळं वेळ घालून लिहून ठेवलं. विंचवानं मारलेला माणूस नेमका कशानं मरतो, हे त्या नोंदींतून उलगडलं. 'लॅन्सेट'मध्ये गेला तो नीट भरलेला केसपेपरच होता. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून एमडी करून ते पुन्हा महाडला परतले आणि तेच काम चालू ठेवलं. पेशंट बघणं आणि संशोधन करणं ही दोन वेगळी कामं आहेत असं त्यांच्याकडे पाहून कुणाला म्हणता येईल? आणि उलट प्रश्न असा की, सगळं विरोधात असताना एखादा बावस्कर उभा राहतो म्हणून बाकीच्या हजारोंसाठी काहीच व्यवस्था करायची नाही, हा कुठला न्याय? एखादा मुलगा रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून बॅरिस्टर झाला म्हणून आपण गावातल्या शाळेची वीज तोडत नाही.

अनुभवावर फार भिस्त असलेल्यांसाठी २०२० सालची एक गोष्ट पुरेशी आहे. ती आपण सगळ्यांनीच भोगली. 'बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा डोनर हवा, अर्जंट, पुढे पाठवा.' असे मेसेज एकेका दिवसात किती आले होते, आठवून पाहा. कोविडमधून बऱ्या झालेल्याचा प्लाझ्मा दिला की अत्यवस्थ माणूस वाचतो, असं अनुभवी डॉक्टर सांगत होते आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी प्लाझ्मा दिलेले बहुतेक पेशंट बरे झालेच होते. फक्त, न दिलेलेही बहुतेक बरे होत होते, आणि ते एका खाटेशेजारी उभं राहून दिसत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ पेशंटवर चाचणी केली. अर्ध्यांना प्लाझ्मा, अर्ध्यांना नाही, कुणाला काय ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. ऑक्टोबर २०२० मध्ये निकाल छापून आला: आजार बळावण्यात किंवा मृत्यूंत फरक नाही. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनमधल्या रुग्णालयांनी एका साध्या फॉर्मवर हजारो पेशंट घेऊन दाखवलं होतं की डेक्सामेथासोन हे तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळणारं जुनं स्टिरॉइड व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी करतं. म्हणजे ज्यासाठी घरातले दागिने मोडले गेले ते निरुपयोगी, आणि जे काही रुपयांत मिळतं ते जीव वाचवणारं. कुठल्या हातगुणानं हे कळलं असतं?

इथे पेपरवाल्या तटानं छाती फुगवू नये. प्लाझ्माची चाचणी आपल्याच देशात, आपल्याच रुग्णालयांत झाली होती, उत्तम नियतकालिकात छापून आली होती. तरी एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत नातेवाईक प्लाझ्मासाठी रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवत होतेच. सरकारी मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो १७ मे २०२१ ला, निकालानंतर जवळपास सात महिन्यांनी. पेपर निघाला आणि वॉर्डातलं काहीच बदललं नाही. असं का झालं? कारण आपल्या कॉलेजांत पेपर ही बाहेर पाठवायची वस्तू आहे. आपण काल जे केलं त्याचं आज काय झालं आणि म्हणून उद्या काय करायचं, हे सांगण्याचं तिचं कामच उरलेलं नाही.

आकडाही पाहून घेऊ. दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयाचे डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली ५७९ भारतीय वैद्यकीय संस्थांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला. २००५ ते २०१४ या काळात ३३२ संस्थांच्या नावावर एकही पेपर नव्हता. निम्म्याहून अधिक संस्था, दहा वर्षं, शून्य. वर्षाला शंभरावर पेपर देणाऱ्या संस्था फक्त २५, आणि देशाच्या एकूण पेपरांपैकी सुमारे ४० टक्के त्यांचेच. असा ताळेबंद पाहून कुणालाही सक्ती करावीशी वाटेल. पण भूक लागत नाही म्हणून पोराचं नाक दाबून घास कोंबला तर तो गिळतो की थुंकतो, हे घरोघरच्या आयांना माहीत आहे.

मग माणसाला प्रश्न पडतात कुठे? आपल्याच मुंबईत याचं उत्तर सापडतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतल्या एका पेशंटची गाठ आणि ताप पाहून हा प्लेग आहे, असं सर्वांत आधी ओळखलं ते डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. गोव्याच्या हडफड्याचा माणूस, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेला, प्रॅक्टिस करणारा डॉक्टर. त्यानंतर आलेला वाल्देमार हाफकिन डॉक्टरही नव्हता, प्राणिशास्त्र शिकलेला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होता. त्याला भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळाली एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या लवाजम्यावर त्यानं प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे प्रयोगशाळा परळला जुन्या राजभवनात गेली. तीच आजची हाफकिन संस्था. मला या कथेतला व्हरांडा महत्त्वाचा वाटतो. पेशंट ज्या आवारात येतात त्याच आवारात बसून हा माणूस काम करत होता.

त्याच परळमध्ये नव्वद वर्षांनी ते पुन्हा घडलं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि हाकेच्या अंतरावरच्या आयसीएमआरच्या प्रजनन संशोधन संस्थेतले टी. सी. आनंदकुमार शास्त्रज्ञ. दोघांनी मिळून केलेल्या कामातून ६ ऑगस्ट १९८६ ला केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. ती देशातली पहिली म्हणून जाहीर झाली. पण कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ लाच हे साधलं होतं. सरकारी मेडिकल कॉलेजचा हा प्राध्यापक दोन सहकाऱ्यांखेरीज एकटाच होता. राज्य सरकारच्या समितीनं त्यांना खोटं ठरवलं, शेवटी बदली केली ती डोळ्यांच्या संस्थेत. १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. पुढे १९९७ मध्ये आनंदकुमारांनीच मुखोपाध्याय यांची टिपणं तपासली आणि पहिलेपणाचा मान आपला नसून त्यांचा आहे, असं जाहीर केलं. असा मोठेपणा विज्ञानात क्वचित दिसतो, पण माझ्या मुद्द्यापुरतं सांगायचं तर मुखोपाध्याय यांना न्याय मिळाला तो त्यांनी लिहून ठेवलेल्या कागदांमुळे. आणि एकाच प्रश्नावर परळला यश आणि कोलकात्याला शोकांतिका का झाली, तर एकीकडे शेजार होता, संस्था पाठीशी होती. दुसरीकडे बदलीची ऑर्डर होती.

बदलीचं हे हत्यार आजही जिवंत आहे, आणि पेपर मोजणाऱ्यांच्या लक्षात ते येत नाही. दोन वर्षं चालवायचा अभ्यास हाती घेतलेल्या माणसाला आठव्या महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं तर तो पुढच्या वेळी काय करेल? जे आठ दिवसांत उरकतं ते करेल. विद्यार्थ्यांना प्रश्नावली वाटेल. आमच्याकडे 'एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांतील मोबाइलचा वापर' या विषयावर एवढे अभ्यास झाले की मुलं प्रश्नावलीचे कागद पाहूनच वर्गाबाहेर पळायची.

पेपरवाल्यांचा एक आक्षेप मात्र खरा आहे. अट काढली तर काहीच न करणाऱ्याला रान मोकळं. सेवाज्येष्ठतेनं बढत्या, सहाला घरी, आणि पाट्या टाकायच्या. यावर शंभर वर्षांपूर्वी बोस्टनमध्ये एका सर्जननं डोकं लढवलं होतं. अर्नेस्ट कॉडमन त्याचं नाव, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये नोकरी. त्याचं म्हणणं साधं होतं: ऑपरेशन केलेल्या प्रत्येक माणसाचं एक कार्ड ठेवायचं, वर्षानं त्याला गाठून विचारायचं की बरं वाटतंय का, आणि नसेल तर चूक कुणाची ते लिहायचं. सर्जनची बढती वयावर न देता या कार्डांवर द्या, असा त्याचा हट्ट. रुग्णालयानं नकार दिला, तेव्हा १९१४ मध्ये त्यानं राजीनामा दिला आणि आपल्या छोट्या खासगी रुग्णालयात तेच केलं. १९११ ते १९१६ मधल्या ३३७ पेशंटचा हिशेब त्यानं छापला आणि त्यात स्वतःच्या १२३ चुका कबूल केल्या. सहकाऱ्यांनी त्याला वाळीत टाकलं, हे सांगायला नकोच.

मला हवी आहे ती कॉडमनची कार्डं, आणि ती प्रत्येकाकडून. हर्नियाची ऑपरेशनं सफाईनं करणारा आणि रेसिडेंटला हात धरून शिकवणारा सर्जन आयुष्यात एक पेपर न लिहिता प्राध्यापक व्हावा, अगदी आनंदानं व्हावा. पण मग त्यानं सांगावं की गेल्या वर्षी त्याच्या युनिटमध्ये किती ऑपरेशनं झाली, किती टाके पिकले, किती हर्निया परत आले. हातगुण आहे ना? मग तो दिसू दे. याला पेपर लागत नाही, नियतकालिकाचं वजन सांगणारा इम्पॅक्ट फॅक्टर लागत नाही, छपाईचे पैसे लागत नाहीत. रेकॉर्ड रूम लागते, आणि आमच्या रेकॉर्ड रूमची अवस्था मी सांगतो: तळघरात लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, पावसाळ्यात खालची रांग ओली, आणि कुठलं वर्ष कुठल्या रॅकवर आहे हे रेकॉर्ड सांभाळणाऱ्या एकट्या मामांना पाठ. मामा रिटायर झाले त्या दिवशी त्या रुग्णालयाची वीस वर्षांची स्मृती एसटीत बसून गावी गेली.

संशोधन म्हणून वेगळं, मुद्दाम करायचं काम त्यानंतरचं, आणि ते थोड्यांनी करावं. कुणी करावं? ज्याला आपल्या वॉर्डातला प्रश्न झोपू देत नाही त्यानं. सोलापूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या डॉ. सुमन सरदेसाई यांचं काम इथे आठवतं. गरोदरपणात झटके येणाऱ्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं, हे जगभर ठरलेलं. पण रूढ मात्रा आली ती अमेरिकेतल्या डॅलसहून, तिथल्या धिप्पाड बायकांवरून. सोलापूरच्या वॉर्डात येणाऱ्या किरकोळ अंगाच्या बाईला एवढं औषध कशाला, आणि जास्त झालं तर श्वास थांबण्याची भीती, या प्रश्नावर काम करून त्यांनी कमी मात्रेची पद्धत २००३ साली मांडली. आज स्त्रीरोगाची रेसिडेंट पोरं 'सरदेसाई रेजिम' म्हणून ती पाठ करतात. हा प्रश्न बोस्टनला पडला नसता, दिल्लीच्या एम्सलाही कदाचित नाही. तो सोलापूरलाच पडायचा होता. म्हणून तर नव्या नियमानं जिल्हा रुग्णालयातून कॉलेजात येणाऱ्या तज्ज्ञांचं मी स्वागत करतो. साप, विंचू, फवारणीतली विषबाधा, सिकलसेल यांतली जाण त्यांच्याकडे कॉलेजातल्या प्राध्यापकापेक्षा जास्त असते. पण त्यांच्या हातात आल्या आल्या ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट आणि पेपरची यादी ठेवलीत, तर तेही दोन वर्षांत मोबाइलच्या वापराच्या प्रश्नावल्या वाटू लागतील.

अशा थोड्यांना वेगळं काढलं तर ते पेशंटपासून तुटतील, ही शंका जुनी आहे आणि मोठ्या माणसाची आहे. वैद्यकीय शिक्षणावरच्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर अमेरिकेत क्लिनिकल प्राध्यापकांना प्रॅक्टिस सोडायला लावून पूर्णवेळ पगारी करायची लाट आली, तेव्हा विल्यम ऑस्लर या नामवंत डॉक्टरनं ऑक्सफर्डहून आपल्याच जुन्या जॉन्स हॉपकिन्सला कळकळीचं पत्र लिहिलं. त्याची भीती हीच, की प्रयोगशाळेत रमलेला प्राध्यापक खाटेकडे पाठ करेल. ती अर्धी खरी ठरली. आणि १९७९ मध्ये त्याच अमेरिकेत जेम्स वायनगार्डन यांनी लिहिलं की पेशंटही पाहणारा आणि संशोधनही करणारा डॉक्टर ही नामशेष होत चाललेली जात आहे. एवढा पैसा ओतूनही तिथे ही जात आपोआप टिकली नाही, तर आपल्याकडे फक्त परिपत्रकावर ती कशी वाढेल? म्हणून मी पूर्णवेळ संशोधक मागत नाही. आठवड्यातले दोन वार मागतो. बाकीचे चार त्यानं ओपीडीतच बसावं. शिवाय विभागामागे नोंदी ठेवणारा एक माणूस आणि अभ्यास संपेपर्यंत बदली नाही, एवढी लेखी हमी. हाफकिनला कारकून एक आणि शिपाई तीन मिळाले होते. मी शिपाई सोडून देतो.

ती मेडिसिनची मुलगी आता नव्या कॉलेजांपैकी एका ठिकाणी सहायक प्राध्यापक आहे. मध्यंतरी तिचा फोन आला. तिच्या वॉर्डात फवारणीचं औषध पोटात गेलेले पेशंट येतात. त्यांतले काही सुधारून घरी जायच्या बेतात असताना चौथ्या दिवशी अचानक श्वास घेईनासे होतात. कुणाचं असं होणार, हे आधी ओळखता येईल का, असं तिच्या मनात आहे. संशोधनाला परवानगी देणारी एथिक्स कमिटी अजून नेमली गेलेली नाही, संख्याशास्त्रज्ञाची जागा मंजूर आहे पण भरलेली नाही, म्हणून माझी आठवण. 'सर, सध्या फक्त नीट लिहून ठेवतेय.' मी म्हटलं, पाठव. रात्री फाइल आली. एकसष्ट पेशंट. सवयीनं आधी रक्तदाबाचा रकाना उघडला. १३४/८६. ११८/७२. ९६/५८. १५२/९४. अठराव्या ओळीत आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'कफ फाटलेला, दुसरा मिळाला नाही.'